आयईसी कोड स्वतः कसा काढावा: रबाळ्याच्या गाळ्यापासून न्हावा शेवापर्यंत

मागच्या महिन्यात कळव्याच्या एक ताई आमच्या गाळ्यावर आल्या होत्या. पोह्याचे पापड करतात, बारा बायका हाताखाली आहेत, आणि दुबईत दुकान असलेल्या त्यांच्या भाच्याने महिन्याला तीनशे किलोची मागणी नोंदवली आहे. हातात एका एजंटचा कागद होता: ‘एक्स्पोर्ट लायसन्स, संपूर्ण पॅकेज, नऊ हजार रुपये.’ मी त्यांना चहा दिला, फोनवरच सरकारी साइट उघडली आणि त्या परवान्याच्या, म्हणजे आयईसी कोडच्या, शुल्काचा आकडा दाखवला. पाचशे रुपये. त्या बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

एजंटने कष्ट केले तर त्याने पैसे घ्यावेत, त्यात वावगं काही नाही. पण आपण कशाचे पैसे देतोय हे देणाऱ्याला कळायला हवं. आमचं मसाल्याचं काम रबाळे एमआयडीसीतल्या एका भाड्याच्या गाळ्यात चालतं. धंदा माझ्या धाकट्या जावेच्या नावावर आहे, कागदपत्रं आणि हिशेब माझ्याकडे. कोड आम्ही आमच्या हाताने काढला, आणि नंतर ऐरोली, कळवा, कोपरखैरणेच्या सात-आठ जणींना शेजारी बसून काढून दिला. प्रत्येक वेळी अर्ज भरायला अर्धा-पाऊण तास लागला. अडकायचं ते त्याच्या आधी अडकलं, नाहीतर नंतर. म्हणून या लेखात अर्जापेक्षा आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

परवाना म्हणजे नेमकं काय

लोक ज्याला ‘एक्स्पोर्ट लायसन्स’ म्हणतात त्याचं नाव आहे आयईसी, म्हणजे इम्पोर्टर एक्स्पोर्टर कोड. परकीय व्यापार (विकास आणि नियमन) कायदा, १९९२ याच्या कलम ७ प्रमाणे हा कोड असल्याशिवाय कोणालाही माल आयात किंवा निर्यात करता येत नाही. देणारं खातं आहे परकीय व्यापार महासंचालनालय, सगळे त्याला डीजीएफटी म्हणतात. आयातीला वेगळा आणि निर्यातीला वेगळा असा प्रकार नाही, एकच कोड दोन्हीला चालतो.

पूर्वी हा वेगळा दहा आकडी क्रमांक असायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून तुमचा पॅन क्रमांक हाच तुमचा आयईसी. म्हणून कोणी ‘व्हीआयपी नंबर मिळवून देतो’ म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. मग पॅन हाच कोड असेल तर अर्ज कशाला? कारण पॅन असणं वेगळं आणि तो डीजीएफटीकडे आयात-निर्यातीसाठी नोंदलेला असणं वेगळं. कस्टम्सच्या संगणकाला ती नोंद दिसली तरच तुमचा माल पुढे सरकतो.

कोणाला याची गरज नाही, तेही सांगते, कारण विनाकारण काढणारेही बरेच भेटतात. मुलीला अमेरिकेत भाजणीचं पीठ आणि दिवाळीचा फराळ पाठवायचा असेल, तर तो घरगुती वापराचा माल झाला, त्याला कोड लागत नाही. ठाण्यात घरी बसून परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअरचं किंवा डिझाइनचं काम करणाऱ्यांनाही एरवी लागत नाही. सेवा निर्यातीला तो तेव्हाच लागतो, जेव्हा परकीय व्यापार धोरणातल्या सवलती घ्यायच्या असतात किंवा ती सेवा सरकारने ठरवलेल्या नियंत्रित यादीत असते. विकण्यासाठी माल देशाबाहेर जाणार किंवा आत येणार असेल, तर मात्र पहिल्या खोक्यापासून कोड हवा.

आधी हे ठरवा: कोणाच्या नावावर

एका पॅनवर एकच आयईसी मिळतो, आणि बाकी सगळं यावर अवलंबून आहे. प्रोप्रायटरशिप असेल तर मालकाचा स्वतःचा पॅन म्हणजेच धंद्याचा पॅन. म्हणजे एकाच बाईच्या नावावर मसाल्याची एक फर्म आणि कपड्यांची दुसरी फर्म असली, तरी कोड एकच. शाखा आणि जागा त्याच कोडखाली वाढवता येतात, दुसरा कोड काढता येत नाही. भागीदारी, एलएलपी, कंपनी, हिंदू अविभक्त कुटुंब, ट्रस्ट, सोसायटी यांना स्वतःचा पॅन असतो, त्यामुळे कोडही स्वतंत्र.

हे आधी ठरवायला सांगते कारण आज प्रोप्रायटर म्हणून सुरू केलं आणि दोन वर्षांनी प्रायव्हेट लिमिटेड केलं, की पॅन बदलतो. पॅन बदलला की नवा आयईसी, बँकेत नवं खातं, कस्टम्सकडे पुन्हा नोंदणी. परदेशी गिऱ्हाइकाकडे तुमची जी कागदोपत्री ओळख तयार झाली, तीही पहिल्यापासून. पुढे दीर-भावजय मिळून कंपनी काढायचं पक्कं असेल तर सुरुवातच तिथून करा. पक्कं नसेल तर प्रोप्रायटरशिपमध्ये काही कमीपणा नाही, आमचं आजही तसंच चाललंय.

जीएसटी क्रमांक कोड काढायला सक्तीचा नाही. पण माल पाठवताना तो हाताशी असावा, नाहीतर खरेदीवर भरलेला कर परत मागता येत नाही.

कागद: तीनच, पण नाव अक्षरन् अक्षर जुळलेलं

पॅन, जागेचा पुरावा, बँकेचा पुरावा. यादी एवढीच. सही आधारच्या ओटीपीवर होते, त्यामुळे आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. आधारला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर असेल तर तो माणूस त्या वेळी शेजारी बसलेला असू द्या.

आता नावाचं. माझ्या जावेचा पॅन लग्नाआधीचा, माहेरच्या नावाने. आधार लग्नानंतरचं, सासरच्या नावाने. बँकेतलं खातं सासरच्या नावाने, पण मधलं नाव नुसत्या आद्याक्षराने. तिन्ही कागद खरे, तिन्हींवरची बाई एकच, तरी संगणकाच्या लेखी त्या तीन बायका. अर्जाच्या पहिल्याच पानावर पॅनवरचं नाव आणि जन्मतारीख आयकर खात्याच्या नोंदीशी ताडून पाहतात. तिथे माहेरचं नाव टाकलं की तपासणी पास व्हायची, आणि मग पुढे बँक आणि आधार दोन्ही वेगळे पडायचे.

तेव्हा ती म्हणाली, “ताई, एवढ्याशा नावाने काय होणार? पुढे सरकवू या ना.” मी नाही म्हटलं. कारण पॅनवरचं नाव कोडवर येतं, कोडवरचं नाव शिपिंग बिलावर, म्हणजे माल बाहेर पाठवताना कस्टम्सला द्यायच्या कागदावर, येतं, शिपिंग बिलावरच्या नावाने परदेशातून पैसे यायचे असतात, आणि ते जमा करताना बँक पुन्हा एकदा नाव बघते. एक गाठ पहिल्या धाग्यात राहिली की शेवटच्या धाग्यापर्यंत जाते. आम्ही लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र लावून आधी पॅन दुरुस्त केला, मग बँकेत अर्ज देऊन खात्यावरचं नाव पूर्ण केलं. तीन आठवडे गेले. एकदा झालं ते झालं, त्यानंतर नावावरून आमचा एकही कागद परत आलेला नाही.

बायकांनी चालवलेल्या जवळजवळ प्रत्येक धंद्यात मला हा प्रश्न दिसला. म्हणून अर्जाला बसण्याआधी पॅन, आधार आणि पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. ‘एस’ नंतर ‘एच’ आहे का, आडनावात एक ‘ए’ आहे की दोन, वडिलांचं नाव आहे की नवऱ्याचं.

बँकेचा पुरावा म्हणजे कॅन्सल्ड चेक, ज्यावर खातेदाराचं नाव छापलेलं असेल. नवीन खात्याच्या पहिल्या चेकबुकावर बऱ्याचदा नाव छापलेलं नसतं. तो चेक लावू नका, बँकेकडून प्रमाणपत्र घ्या. खातं फर्मच्या नावाचं करंट अकाउंट असावं. आणि खातं उघडतानाच एक प्रश्न विचारा: या शाखेत परकीय चलनाचं काम होतं का? प्रत्येक शाखेत होत नाही. आम्ही जवळ पडते म्हणून एका शाखेत खातं काढलं, आणि पहिले डॉलर यायच्या वेळी कळलं की प्रत्येक कागद दुसऱ्या शाखेत जाऊन, तिथून परत यायचा. चार पावलं जास्त चालायला लागली तरी चालेल, पण परकीय चलनाचा विभाग असलेली शाखा निवडा.

जागेच्या पुराव्याला लाइट बिल, लँडलाइन किंवा पोस्टपेड मोबाइलचं बिल, खरेदीखत, भाडेकरार यांपैकी काहीही चालतं. रबाळे, महापे, वागळे इस्टेट भागात बहुतेकांचे गाळे भाड्याचे आणि लाइट बिल मालकाच्या नावावर. अशा वेळी मालकाचं ना हरकत पत्र घ्या आणि बिलासोबत एकाच पीडीएफमध्ये जोडा. लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर त्याची मुदत संपलेली नाही ना, ते बघा. घरून काम असेल तर घरचा पत्ता चालतो, फक्त सोसायटीचं आणि विंगचं नाव बिलावर जसं आहे तसंच लिहा.

अर्ज: क्रमाने

साइटचा पत्ता आहे डीजीएफटी डॉट गव्ह डॉट इन. तो हाताने टाइप करा. गूगलवर शोधलं तर वर जाहिराती येतात. त्यातल्या काही साइट रंगाने, चिन्हाने हुबेहूब सरकारी दिसतात आणि फॉर्म भरून झाल्यावर तीन-चार हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर पॅन-आधार तिथे टाकू नका.

पहिलं काम नोंदणी. ‘रजिस्टर’मध्ये इम्पोर्टर/एक्स्पोर्टर हा प्रकार निवडा, नाव, ईमेल, मोबाइल, पिनकोड द्या. दोन्हीकडे ओटीपी येतो, मग ईमेलवर तात्पुरता पासवर्ड, तो बदलून घ्या. इथला ईमेल आणि मोबाइल तुमचा स्वतःचाच हवा. एजंटने त्याचा टाकला, तर पुढची प्रत्येक सूचना त्याच्याकडे जाईल, आणि उद्या त्याने दुकान बंद केलं की तुम्ही तुमच्याच कोडच्या बाहेर उभे. हे झालेल्या दोघींना मी ओळखते. कोड परत आपल्या हाती आणायला त्यांना कोड काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

लॉगिन झाल्यावर ‘आयईसी प्रोफाइल मॅनेजमेंट’मध्ये ‘अप्लाय फॉर आयईसी’. नवा अर्ज सुरू केला की पहिलं पान फर्मचं: प्रकार, फर्मचं नाव, पॅन, पॅनवरचं नाव, जन्मतारीख किंवा स्थापनेची तारीख, जीएसटी असेल तर तो, पत्ता आणि पत्त्याचा पुरावा. प्रोप्रायटरशिपमध्ये फर्मचं नाव आणि पॅनवरचं नाव वेगळं असणार, त्याला हरकत नाही, दोन्हींचे रकाने वेगळे आहेत. दुसरी जागा असेल तर शाखेच्या रकान्यात टाका. त्यानंतर मालकाची किंवा भागीदारांची, संचालकांची माहिती, मग बँक खातं, आयएफएससी आणि चेकची प्रत.

पुढे ‘पसंतीचा व्यवसाय’ विचारतात. तुम्ही स्वतः बनवून पाठवता की दुसऱ्याकडून घेऊन पाठवता, एवढाच त्याचा अर्थ. स्वतः दळत, भरत, शिवत असाल तर मॅन्युफॅक्चरर एक्स्पोर्टर, वाशीच्या एपीएमसीतून माल उचलून पाठवणार असाल तर मर्चंट एक्स्पोर्टर, दोन्ही असेल तर तसाही पर्याय आहे. इथे उगाच मोठेपणा म्हणून ‘मॅन्युफॅक्चरर’ टाकू नका, पुढे इतर नोंदणीत कारखान्याचे कागद मागतात.

शेवटी घोषणा, अर्जाचा गोषवारा, आधार ओटीपीने किंवा डिजिटल सिग्नेचरने सही, आणि भारतकोश या सरकारी पेमेंट साइटवर ५०० रुपये. सही करण्याआधी गोषवारा डाउनलोड करून दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही. पैसे कापले गेले आणि साइटवर दिसले नाहीत तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, थोडा वेळ थांबून तोच अर्ज पुन्हा उघडून बघा.

सगळं जुळलं तर कोड आपोआप तयार होतो आणि प्रमाणपत्र तिथूनच उतरवून घेता येतं. आमचा त्याच दिवशी मिळाला. चर्चगेटच्या कार्यालयात जायची वेळ आली नाही.

कोड मिळाला, आता खरी नोंदणी

प्रमाणपत्र हातात आलं की बायका पेढे वाटतात. वाटावेतच, पण माल अजून गाळ्यातून हलत नाही. पुढचं काम एडी कोडचं, आणि पहिली खेप अडते ती बहुतेक इथेच.

परकीय चलनाचं काम करायला रिझर्व्ह बँकेने अधिकार दिलेल्या बँकेला ऑथराइज्ड डीलर म्हणतात, आणि तिचा क्रमांक म्हणजे एडी कोड. तुमची बँक लेटरहेडवर एक पत्र देते: अमुक फर्म, अमुक आयईसी, अमुक खातं, आमचा एडी कोड हा. ते पत्र कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवायचं. आधी आइसगेटवर आयईसीने नोंदणी, मग बँक खात्यांच्या विभागात एडी कोड, कागद ई-संचितवर, म्हणजे तिथल्याच कागदपत्रांच्या कप्प्यात, चढवायचे. पूर्वी यासाठी बंदरावर फाइल घेऊन जावं लागायचं, आता ते घरून होतं. ही नोंदणी बंदरागणिक असते. न्हावा शेवाच्या बंदरासाठी कस्टम्सचा संकेत आयएनएनएसए१, सहारच्या एअर कार्गोसाठी आयएनबीओएम४. समुद्रमार्गे पाठवणार म्हणून फक्त न्हावा शेवा नोंदवलं आणि ऐनवेळी गिऱ्हाईक म्हणालं नमुना विमानाने पाठवा, तर शिपिंग बिल तयारच होणार नाही. दोन्ही एकदमच करून टाका. ड्रॉबॅकसारखे (निर्यातीच्या मालावरच्या शुल्काच्या परताव्याचे) पैसे जमा व्हायचं खातंही त्याच पोर्टलवर नोंदवायचं असतं, ते विसरू नका.

बँकेकडून पत्र घेताना तिथेच काउंटरला उभं राहून वाचा. आमच्या पहिल्या पत्रात आयईसीमधलं एक अक्षर चुकलं होतं. इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य. डोळ्याला सारखंच दिसतं.

मालाप्रमाणे लागणारी नोंदणी

आयईसी सगळ्यांना एकच. यापुढे मात्र प्रत्येकाचा रस्ता वेगळा होतो, आणि तो ठरतो मालाच्या एचएस कोडवरून, म्हणजे मालाचा प्रकार सांगणाऱ्या आठ आकडी क्रमांकावरून. हळदीचंच बघा: ओली हळद ०९१०३०१०, वाळवलेली ०९१०३०२०, पूड ०९१०३०३०. आम्ही पूड पाठवतो आणि इनव्हॉइसवर वाळवलेल्या हळदीचा आकडा टाकला, तर कागद एक बोलेल आणि पोतं दुसरं. या कोडवरूनच कळतं की माल खुला आहे, निर्बंधित आहे की बंद. मोराच्या पिसांची निर्यात बंद आहे, पिसं लावलेल्या शोभेच्या वस्तूंचीही. हस्तकलेवाल्यांनी हे आधी बघून घ्यावं.

त्यानंतर मालाच्या मंडळाची नोंदणी. मसाल्याला स्पायसेस बोर्डाचं निर्यातदार प्रमाणपत्र लागतं. लोणची, पापड, चटण्या, ताजी फळं, भाज्या हे सगळं अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे, आणि अपेडाचं कार्यालय आपल्या वाशीतच आहे. कळव्याच्या ताईंना मी तिकडेच पाठवलं. या सदस्यत्व प्रमाणपत्राला आरसीएमसी म्हणतात, त्याचाही अर्ज आता डीजीएफटीच्याच पोर्टलवरून होतो. खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना हवा, आणि आयात-निर्यात करणाऱ्याला तो केंद्रीय लागतो. एमआयडीसीतल्या बऱ्याच जणींकडे राज्याचा परवाना किंवा साधी नोंदणी असते, ती इथे पुरत नाही.

मसालेवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्या. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाले इथिलीन ऑक्साइड हे रसायन सापडल्यावरून अडवले. तेव्हापासून परदेशी गिऱ्हाईक प्रयोगशाळेचा अहवाल पहिल्या मेलमध्येच मागतं. खेप तयार झाल्यावर तपासणीला धावण्यापेक्षा मिरची-हळद विकत घेतानाच थोडा नमुना तपासून घेतलेला स्वस्त पडतो. आम्ही एपीएमसीच्या मसाला बाजारातून माल उचलण्याआधी दोन किलो घेतो, अहवाल येतो, मग सौदा करतो. दलाल आधी कुरकुरायचे, आता तेच विचारतात, “नमुना नेताय ना मॅडम?”

आयात करणाऱ्यांना सांगायचं तर, चीनहून खेळणी आणायचा बेत घेऊन पुष्कळ तरुण मुलं येतात. कोड काढतात, पैसे पाठवतात, आणि मग कळतं की १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, मार्क सक्तीचा आहे आणि तो परदेशातल्या कारखान्याकडे असावा लागतो. कंटेनर बंदरात, दररोज भाडं चढतंय, आणि मार्क मिळायला महिने. ब्लूटूथ-वायफाय असलेल्या वस्तूंना दूरसंचार खात्याची वेगळी मान्यता लागते. पाकीटबंद वस्तू विकायच्या तर वजन-माप कायद्याखाली आयातदाराची नोंदणी आणि पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता, कमाल किंमत. वापरलेले संगणक आणि जुन्या वस्तू बहुतेक निर्बंधित आहेत. आगाऊ पैसे पाठवण्याआधी हे सगळं एचएस कोड टाकून डीजीएफटीच्याच साइटवर तपासता येतं.

जीएसटीबद्दल थोडक्यात

निर्यातीवर जीएसटीचा दर शून्य. कर न भरता माल पाठवायचा असेल तर जीएसटी पोर्टलवर एलयूटी, म्हणजे हमीपत्र भरा. ते एका आर्थिक वर्षापुरतं असतं, दर एप्रिलला नवीन. एलयूटी नसेल तर आयजीएसटी (राज्याबाहेर किंवा देशाबाहेर जाणाऱ्या मालावरचा जीएसटी) भरून पाठवा आणि नंतर परतावा घ्या. लहान भांडवलाच्या माणसाने एलयूटीच घ्यावं, परताव्यात अडकलेला पैसा मिरचीच्या हंगामात आठवतो.

पहिली खेप

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एलयूटी, मालाप्रमाणे प्रमाणपत्रं एवढं तुमच्याकडून. कस्टम्सचं काम सीएचए, म्हणजे कस्टम्सचा एजंट, करतो, आणि इथे मी कंजुषी करू नका असं सांगेन. कोड स्वतः काढा, पण शिपिंग बिल अनुभवी माणसाच्या हातून जाऊ द्या. तो परवानाधारक आहे का ते विचारा, आणि एकूण खर्च लेखी घ्या: त्याची फी वेगळी, सीएफएसचं (माल कंटेनरमध्ये भरायच्या बंदराजवळच्या गोदामाचं) भाडं वेगळं, कागदपत्रांचं वेगळं. फोनवर एक आकडा आणि बिलात पाच ओळी, असं पुष्कळदा होतं.

कंटेनरभर माल नसेल तर तुमची खोकी दुसऱ्यांच्या मालासोबत जातात. टेम्पो रबाळ्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने उरण फाट्यावरून सीएफएसला जातो, तिथे खोकी उतरतात, कस्टम्स अधिकारी कागद आणि वाटलं तर माल बघतात, आणि निर्यातीचा हुकूम निघतो. खोक्यांवर क्रमांक, वजन, तुमचं नाव आणि गिऱ्हाइकाचं बंदर ठळक लिहिलेलं असावं, आणि ते पॅकिंग लिस्टशी तंतोतंत जुळावं. आमच्या पहिल्या खेपेत ४० खोकी होती. जावेने आणि मी रात्री जमिनीवर मांडी घालून एकेकावर मार्करने आकडे घातले, आणि सकाळी टेम्पोत चढवताना यादीवर खूण करत गेलो. आजही तसंच करतो.

यूएईला पाठवत असाल तर १ मे २०२२ पासून लागू झालेल्या करारामुळे मूळ देशाचं प्रमाणपत्र लावलं की तिथल्या गिऱ्हाइकाला अनेक वस्तूंवर आयात शुल्कात सूट मिळते. फायदा त्याचा होतो, पण पुढची ऑर्डर तुम्हाला येते. अगदी लहान पार्सलं पाठवायची असतील तर टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथेही आयईसी लागतोच.

पैसे आले की बँकेची नोंद शिपिंग बिलाशी जोडून प्राप्तीचं प्रमाणपत्र तयार करून घ्या. ते राहिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लेखी तुमचे पैसे आलेलेच नसतात.

एप्रिल ते जून

कोडला मुदत नाही, तो आयुष्यभराचा आहे. हे वाक्य सगळे ऐकतात आणि पुढचं कोणी सांगत नाही: फेब्रुवारी २०२१ च्या अधिसूचनेपासून दरवर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत माहिती अद्ययावत करणं सक्तीचं आहे. काहीही बदललं नसेल तरी ‘बदल नाही’ अशी खात्री द्यावीच लागते. या तीन महिन्यांत त्याला शुल्क नाही, एरवी बदल करायचे तर २०० रुपये. नाही केलं तर कोड निष्क्रिय होतो.

आमचा झाला. जुलै महिना, धो धो पाऊस, हळदीची आणि गोडा मसाल्याची खेप सीएफएसवर उतरलेली. सीएचएचा फोन आला, “मॅडम, तुमचा आयईसी डीअॅक्टिव्हेट दाखवतोय, शिपिंग बिल घेत नाहीये.” मला आधी कळलंच नाही. जूनमध्ये सासूबाई रुग्णालयात होत्या, माझं घराबाहेरचं सगळं लक्ष तिकडे, आणि जावेला वाटलं मी केलं असेल. त्या रात्री दहा वाजता लॉगिन करून पाच मिनिटांत अपडेट केलं आणि पैसे भरले. कोड पुन्हा चालू झाला, पण कस्टम्सच्या बाजूला तो दिसेपर्यंत जहाजाची वेळ गेली. पुढचं जहाज आठ दिवसांनी. आठ दिवसांचं भाडं, आणि मस्कतच्या दुकानदाराला केलेला तो फोन. तो नीट बोलला, पण त्या सणाला त्याची फडताळं रिकामी राहिली ती माझ्यामुळे, हे मला आजही टोचतं.

आता गाळ्यातल्या महालक्ष्मी कॅलेंडरवर एप्रिलच्या पहिल्या सोमवारी लाल पेनने ‘आयईसी’ लिहिलेलं असतं, खाली ‘एलयूटी’. दोघी मिळून एकाच बैठकीत दोन्ही करतो: पत्ता, मोबाइल, ईमेल, बँक खातं एकेक वाचून. ओटीपी जावेच्या फोनवर येतो, ती वाचते, मी टाइप करते. मग पावतीचा प्रिंट काढून पॅनच्या प्रतीसोबत त्याच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि एक फोटो सीएचएला व्हॉट्सअॅपवर.